'विद्यार्थी-क्रीडापटू' : एक संज्ञा आणि नुकसानभरपाईचा हक्क

कायद्याच्या व्यवहारात नाव आणि हक्क यांचा संबंध फार निकटचा असतो. एखाद्या मनुष्यास 'कामगार' म्हटले की त्या नावाच्या मागोमाग वेतन, कामाचे तास, अपघाताची भरपाई, संघटना करण्याची मुभा असे अनेक हक्क उभे राहतात. त्याच मनुष्यास 'विद्यार्थी' म्हटले की त्यांपैकी बहुतेक मागे पडतात, आणि अध्ययन, शिस्त, शिष्यवृत्ती अशा वेगळ्याच संबंधांच्या चौकटीत त्याचा विचार होऊ लागतो. म्हणून शब्दाचा कोशगत अर्थ पाहून भागत नाही. तो न्यायालयात कोणते कार्य करतो हेही पाहावे लागते. अमेरिकेच्या महाविद्यालयीन क्रीडाक्षेत्रात रूढ असलेली 'स्टूडंट-अ‍ॅथलीट', म्हणजेच 'विद्यार्थी-क्रीडापटू', ही संज्ञा या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे. खेळताना ज्याचा मणका मोडला त्याच्या औषधोपचाराचा व पुढील आयुष्याचा भार कोणी उचलावा, या अत्यंत व्यावहारिक प्रश्नाचे उत्तर सुमारे सत्तर वर्षे या एका जोडशब्दाच्या आश्रयाने दिले गेले. ते कसे दिले गेले आणि आज त्याची स्थिती काय आहे, याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. पार्श्वभूमी

महाविद्यालयीन खेळ म्हटले की आपल्याकडील वाचकांच्या मनात आंतरमहाविद्यालयीन सामने, विद्यापीठाचा संघ आणि वार्षिक पारितोषिके एवढेच चित्र उभे राहते. अमेरिकेतील स्थिती याहून फार निराळी आहे. एकट्या मिशिगन विद्यापीठाच्या फुटबॉल मैदानाची आसनसंख्या १,०७,६०१ आहे. पुरुषांच्या राष्ट्रीय बास्केटबॉल स्पर्धेच्या प्रक्षेपणाविषयी २०१० साली जो चौदा वर्षांचा करार झाला तो १,०८० कोटी डॉलरांचा होता. मोठ्या विद्यापीठांतील प्रशिक्षकांचे वार्षिक वेतन कित्येक लक्ष डॉलरांच्या घरात असते. खेळाडूस मात्र दीर्घ काळ शिक्षणशुल्क, निवास, भोजन व पुस्तके यांपुरतीच शिष्यवृत्ती मिळत असे.

या क्षेत्राचे नियमन करणारी मुख्य संस्था म्हणजे 'नॅशनल कॉलेजिएट अ‍ॅथलेटिक असोसिएशन'. पुढील विवेचनात तिचा निर्देश 'असोसिएशन' एवढाच केला आहे. तिच्या जन्माची कथा प्रस्तुत विषयाशी थेट संबंधित आहे. अमेरिकन फुटबॉल हा चेंडू हाती घेऊन धावण्याचा व प्रतिपक्षाच्या अंगावर आदळण्याचा खेळ आहे. १९०५ च्या हंगामात त्यात इतके मृत्यू व गंभीर अपघात झाले की राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल व प्रिन्स्टन या विद्यापीठांच्या प्रतिनिधींना चर्चेस पाचारण केले. या चळवळीतून १९०६ साली जी संस्था स्थापन झाली तिलाच १९१० मध्ये आजचे नाव मिळाले. खेळाडूच्या शरीराचे रक्षण हे या संस्थेच्या स्थापनेमागील एक प्रमुख कारण होते, ही गोष्ट पुढील इतिहास वाचताना ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

२. नुकसानभरपाईचे तत्त्व

कामगारांच्या नुकसानभरपाईचे कायदे होण्यापूर्वी अमेरिकेत जखमी कामगारास मालकाविरुद्ध दावा लावून त्याची हयगय सिद्ध करावी लागे. मालकाचा बचाव बहुधा ठरलेला असे : कामातील धोका कामगारास ठाऊक होता व तो त्याने आपण होऊन पत्करला होता, किंवा इजा दुसऱ्या कामगाराच्या चुकीने झाली होती, किंवा जखमी मनुष्य स्वतःच बेसावध होता. १९११ साली विस्कॉन्सिन राज्याने केलेल्या कायद्यापासून ही पद्धत पालटू लागली व काही दशकांत सर्व राज्यांनी तसे कायदे केले. या कायद्यांच्या मुळाशी एक देवघेव आहे. कामगाराने मालकाविरुद्ध दावा लावण्याचा मार्ग सोडावा; त्याच्या बदल्यात, दोष कोणाचा याचा विचार न करता, कामाच्या ओघात झालेल्या इजेचा औषधखर्च व बुडालेल्या मिळकतीचा ठरावीक अंश त्यास मिळावा.

या व्यवस्थेत प्रवेश करण्यास दोन गोष्टी लागतात. इजा झालेला मनुष्य व संस्था यांच्यात उघड किंवा गर्भित असा नोकरीचा करार असला पाहिजे. आणि इजा त्या नोकरीतून व तिच्या ओघात उद्भवलेली असली पाहिजे. मैदानावर झालेली इजा खेळातून उद्भवली याविषयी वाद होण्याचे कारण नाही. सर्व वाद पहिल्या अटीविषयीच आहे. खेळणे ही नोकरी आहे काय?

३. कोलोरॅडोतील दोन निर्णय

या प्रश्नाची पहिली महत्त्वाची परीक्षा कोलोरॅडो राज्यात झाली. डेन्व्हर विद्यापीठाचा फुटबॉलपटू अर्नेस्ट नेमेथ यास १९५० साली वसंत ऋतूतील सरावात पाठीस दुखापत झाली. विद्यापीठाच्या टेनिस मैदानांची देखभाल करण्याचे काम त्याजकडे होते व त्याबद्दल त्यास महिना ५० डॉलर मिळत. हे काम त्यास संघात खेळत असल्यामुळे मिळाले होते आणि संघातून वगळल्यास ते जाणार होते, असे पुराव्यावरून दिसून आले. यावरून कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५३ साली नेमेथच्या बाजूने निर्णय दिला. काम टेनिस मैदानाचे असले तरी नोकरी फुटबॉलवर अवलंबून होती, तेव्हा फुटबॉलमधील इजा ही नोकरीच्या ओघातील इजा होय, असा त्याचा मथितार्थ आहे.

दुसऱ्या प्रकरणाचा शेवट निराळा झाला. १९५५ साली फोर्ट लुईस महाविद्यालयाकडून खेळत असताना रे डेनिसन या खेळाडूच्या डोक्यास मार लागून तो मृत्यू पावला. त्याच्या विधवा पत्नीने भरपाई मागितली. राज्याच्या औद्योगिक आयोगाने ती मान्य केली. परंतु १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने ती फिरविली. महाविद्यालय फुटबॉलचा धंदा करीत नाही, त्या खेळापासून त्यास नफा होत नाही, आणि डेनिसनचे इतर काम त्याच्या खेळावर अवलंबून असल्याचा पुरावा नाही, अशी कारणे न्यायालयाने दिली.

या दोन निर्णयांच्या काळातच प्रस्तुत संज्ञेचा प्रसार झाला. असोसिएशनचे कार्यकारी प्रमुख वॉल्टर बायर्स यांनी १९५१ पासून साडेतीन दशके त्या संस्थेची सूत्रे सांभाळली. निवृत्तीनंतर १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी या संज्ञेची उत्पत्ती स्वतःच सांगितली आहे. खेळाडूंस नोकर ठरविले जाईल व नुकसानभरपाईचे दावे उभे राहतील या भीतीने ही संज्ञा योजण्यात आली. नियम व त्यांवरील भाष्ये यांत 'खेळाडू' वा 'क्रीडापटू' या साध्या शब्दांऐवजी तिचा वापर सक्तीचा करण्यात आला, असे त्यांच्या कथनाचे तात्पर्य आहे. असा जोडशब्द इंग्रजीत कोणासही सहज घडविता आला असता; त्यात नावीन्य नाही. महत्त्व आहे ते साध्या शब्दाच्या जागी तो नियमपूर्वक बसविण्यास. बोलण्यातून रूढ होणारा शब्द आणि नियमग्रंथातून रुजविला जाणारा शब्द यांत हा भेद करावा लागतो.

४. समासाची फोड

ही संज्ञा व्याकरणाच्या कसोटीस लावून पाहिली असता काय दिसते? इंग्रजीतील सामासिक नामांत सामान्यतः उत्तरपद प्रधान असते. 'स्टूडंट-नर्स' ही परिचारिकाच असते. ती अद्याप शिकत आहे एवढे पूर्वपद सांगते. त्या न्यायाने 'स्टूडंट-अ‍ॅथलीट' हा प्रथमतः क्रीडापटू ठरेल व विद्यार्थी हे त्याचे विशेषण होईल. दोन्ही पदे समान योग्यतेची मानली तर 'राजर्षी' या शब्दाप्रमाणे 'विद्यार्थी तोच क्रीडापटू' असा कर्मधारयाचा विग्रह करता येईल. या दोन्ही पक्षी एक पद दुसऱ्याचा बाध करीत नाही. राजर्षी ऋषी असला म्हणून राजा राहत नाही असे नव्हे. तसाच क्रीडापटू विद्यार्थी असला म्हणून त्याचे दुसरे नाते लोपत नाही.

न्यायालयीन व्यवहारात मात्र ही संज्ञा निराळीच वागली. विद्यापीठाच्या ग्रंथालयात किंवा भोजनगृहात वेतनावर काम करणारा विद्यार्थी काम करताना जखमी झाला तर तो सामान्यतः नुकसानभरपाईस पात्र ठरतो. त्याचे विद्यार्थी असणे आड येत नाही. व्यावसायिक संघातील क्रीडापटूही अनेक राज्यांत पात्र ठरतो. त्याचे क्रीडापटू असणे आड येत नाही. विद्यार्थी पात्र होऊ शकतो, क्रीडापटू पात्र होऊ शकतो. पण 'विद्यार्थी-क्रीडापटू' होऊ शकत नाही. याचा अर्थ असा की ही संज्ञा आपल्या दोन्ही घटकपदांहून वेगळ्या अशा तिसऱ्याच दर्जाचा बोध करू लागली. आपल्या वैयाकरणांच्या परिभाषेत बोलावयाचे तर, रूपाने कर्मधारय असलेला हा शब्द व्यवहारात बहुव्रीहीसारखा अन्यपदार्थप्रधान झाला. नेमेथचे उदाहरण येथे पुन्हा आठवावे. टेनिसचे मैदान राखून जेवणाची सोय करणारा तो विद्यार्थी, कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या 'कमवा व शिका' या योजनेतील विद्यार्थ्याप्रमाणे, दोन्ही नाती एकाच वेळी सांभाळीत होता. पहिल्या निर्णयाने ती दोन्ही मानली. पुढच्या निर्णयांनी त्यांपैकी एकच मानले.

५. उत्तरकालीन निर्णय

या प्रवाहास अपवाद झाले नाहीत असे नाही. १९६० साली कॅलिफोर्निया स्टेट पॉलिटेक्निक महाविद्यालयाचा फुटबॉल संघ सामना खेळून परतत असता ओहायो राज्यात विमानास अपघात होऊन २२ जण मृत्युमुखी पडले. त्यांतील एडवर्ड व्हॅन हॉर्न या खेळाडूच्या कुटुंबास भरपाई मिळण्याचा हक्क आहे, असे कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने १९६३ साली ठरविले. त्यास मिळणारे द्रव्य हे खेळाच्या बदल्यात मिळत होते असे न्यायालयास दिसले. परंतु राज्याच्या कायदेमंडळाने १९६५ व १९८१ च्या दुरुस्त्यांनी महाविद्यालयीन क्रीडापटूंस 'कामगार' या शब्दाच्या व्याख्येतूनच वगळले. न्यायालयाने उघडलेले दार अशा रीतीने व्याख्येने बंद केले.

१९७६ साली इंडियाना स्टेट विद्यापीठाचा फ्रेड रेन्सिंग हा खेळाडू सरावात झालेल्या इजेने हातापायांनी कायमचा पंगू झाला. औद्योगिक मंडळाने त्याची मागणी फेटाळली. १९८२ साली अपील न्यायालयाने ती मान्य केली. १९८३ साली इंडियानाच्या सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा फेटाळली. शिष्यवृत्ती देताना व घेताना नोकरीचा करार करण्याचा हेतू उभयपक्षी नव्हता, तिच्यावर प्राप्तिकर आकारला जात नाही, आणि असोसिएशनचे नियमच खेळाडूस हौशी विद्यार्थी मानतात, असा युक्तिवाद या निर्णयात आहे. यातील शेवटचे कारण विशेष लक्षणीय आहे. दाव्यांपासून बचाव म्हणून नियमग्रंथात जी भाषा घातली गेली तीच भाषा पुढे न्यायालयात उभय पक्षांच्या हेतूचा पुरावा म्हणून स्वीकारली गेली.

टेक्सासमधील केंट वॉल्ड्रेप याचे प्रकरण तर पाव शतक चालले. ऑक्टोबर १९७४ मध्ये टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठाकडून अलाबामाविरुद्ध खेळताना त्याच्या मणक्यास इजा होऊन मानेखालील शरीर लुळे पडले. १९९१ साली त्याने भरपाईचा अर्ज केला व १९९३ साली राज्याच्या आयोगाने तो मंजूर केला. विमा कंपनीने न्यायालयाकडे धाव घेतली. १९९७ साली ज्यूरीने वॉल्ड्रेप हा नोकर नव्हता असा कौल दिला आणि २००० साली अपील न्यायालयाने तो कायम केला. मात्र आपला निर्णय १९७४ च्या वस्तुस्थितीपुरता आहे, त्यानंतर महाविद्यालयीन खेळांचे स्वरूप फार पालटले आहे, आणि आज तसेच प्रकरण उद्भवल्यास काय ठरेल याविषयी आपण मत देत नाही, असेही न्यायालयाने नमूद केले.

६. हयगयीचा दावा

भरपाईचा कायदा लागू नाही म्हणजे खेळाडूस दुसरा मार्गच नाही असे नव्हे. नोकरीचे नाते नसल्यामुळे हयगयीबद्दल दावा लावण्याचा जुना मार्ग त्यास मोकळा असतो. या बाबतीत १९९३ चा गेटिसबर्ग महाविद्यालयासंबंधीचा निर्णय महत्त्वाचा आहे. १९८८ साली त्या महाविद्यालयाच्या लॅक्रॉस संघाचा ड्रू क्लाइनेक्ट हा वीस वर्षांचा खेळाडू सरावात हृदयक्रिया बंद पडून मृत्यू पावला. मैदानावर प्रथमोपचाराचे शिक्षण घेतलेला कोणीही उपस्थित नव्हता. ज्याला महाविद्यालयाने स्वतः खेळासाठी निवडून आणले आहे, त्याच्यावर संघाच्या कार्यक्रमात प्राणसंकट ओढवल्यास तातडीची वैद्यकीय मदत मिळेल अशी व्यवस्था ठेवणे हे महाविद्यालयाचे कर्तव्य आहे, असे संघराज्याच्या तिसऱ्या विभागीय अपील न्यायालयाने मानले.

हा निर्णय मोलाचा असला तरी त्याच्या मर्यादा उघड आहेत. हयगय सिद्ध करावी लागते. त्यास वर्षे लागतात. धोका पत्करल्याचा बचाव पुन्हा उभा राहतो. शिवाय मैदानावरील कित्येक गंभीर इजांत कोणाचीच हयगय नसते. नियमानुसार खेळताना, सर्व दक्षता घेऊनही, मणका मोडू शकतो. नेमक्या अशाच प्रसंगांसाठी दोषनिरपेक्ष भरपाईची व्यवस्था कामगारांच्या बाबतीत निर्माण झाली होती. तीतून वगळलेला खेळाडू १९११ पूर्वीच्या कामगाराच्या स्थितीत राहतो.

७. आरोग्यरक्षणाच्या तरतुदी

ही पोकळी भरून काढण्याचे प्रयत्न निरनिराळ्या दिशांनी झाले. त्यांचे तीन वर्ग करता येतात.

पहिला वर्ग विम्याचा. कायमचे पंगुत्व आणणाऱ्या इजांसाठी असोसिएशनने १९९२ पासून आपल्या खर्चाने सामायिक विमा उतरविला. परंतु वैद्यकीय खर्च ९०,००० डॉलरांची मर्यादा ओलांडतो तेव्हाच या विम्याचा उपयोग सुरू होतो. त्याखालील खर्चाचा भार महाविद्यालय, खेळाडूच्या कुटुंबाचा खाजगी विमा आणि स्वतः कुटुंब यांच्यात कसा वाटला जावा हे दीर्घ काळ त्या त्या संस्थेच्या धोरणावर अवलंबून राहिले. खेळणे थांबल्यावर उद्भवणाऱ्या खर्चाचा प्रश्न तर त्याहून बिकट होता. गुडघ्याची शस्त्रक्रिया अनेकदा पदवी मिळाल्यानंतर करावी लागते. १ ऑगस्ट २०२४ पासून असोसिएशनने सर्व श्रेणींतील खेळाडूंस खेळ संपल्यानंतर दोन वर्षांपर्यंत इजेच्या उपचाराचे विमासंरक्षण दिले आहे.

दुसरा वर्ग नियमांचा. २०१० पासून प्रत्येक सभासद संस्थेने मेंदूस बसणाऱ्या धक्क्यांविषयी लेखी योजना ठेवणे आवश्यक झाले. सिकलसेल हा रक्तदोष विदर्भ व खानदेशातील वाचकांस परिचित आहे. त्याचा वाहक असणाऱ्या माणसास अतिश्रमाने क्वचित प्राणघातक विकार होऊ शकतो. २००६ साली राइस विद्यापीठाच्या डेल लॉइड या खेळाडूचा असा मृत्यू झाला. त्याच्या कुटुंबाशी झालेल्या तडजोडीनंतर पहिल्या श्रेणीतील संस्थांत या दोषाची तपासणी सुरू झाली. जखमी खेळाडूने मैदानावर केव्हा परतावे याचा निर्णय प्रशिक्षकाच्या हाती न राहता वैद्यकीय अधिकाऱ्याच्या हाती असावा, हा नियमही २०१६ नंतर लागू झाला. मेंदूच्या इजांविषयीच्या सामूहिक दाव्यात जी ७.५ कोटी डॉलरांची तडजोड झाली ती २०१९ साली न्यायालयाने मंजूर केली. तिच्यातील ७ कोटी डॉलर माजी खेळाडूंच्या पन्नास वर्षांच्या वैद्यकीय तपासणीसाठी आहेत. येथे 'तपासणी' हा शब्द काटेकोरपणे वाचला पाहिजे. आढळलेल्या विकाराचा उपचार किंवा त्याबद्दलची भरपाई त्या रकमेत येत नाही.

तिसरा वर्ग राज्यांच्या कायद्यांचा. १९७३ च्या नियमाने शिष्यवृत्ती एकेका वर्षाची झाली होती व जखमी खेळाडूची शिष्यवृत्ती वर्षअखेर बंद होण्याचा धोका असे. कॅलिफोर्नियाने २०१२ साली केलेल्या कायद्याने, प्रक्षेपणापासून वर्षास एक कोटी डॉलरांहून अधिक उत्पन्न मिळविणाऱ्या विद्यापीठांवर तीन बंधने घातली : खेळातील इजेमुळे शिष्यवृत्ती गेल्यास तेवढीच शिष्यवृत्ती पुढे चालू ठेवावी, गरीब खेळाडूंचे विम्याचे हप्ते भरावेत, आणि विद्यापीठ सोडल्यानंतर किमान दोन वर्षे इजेच्या उपचाराची सोय करावी. मेरिलँड विद्यापीठाचा जॉर्डन मॅकनेअर हा एकोणीस वर्षांचा फुटबॉलपटू मे २०१८ मध्ये सरावात उष्माघाताने कोसळला व पंधरा दिवसांनी मृत्यू पावला. थंड पाण्यात बुडवून शरीराचे तापमान त्वरित उतरविणे हा या विकारावरील मान्य उपचार वेळेवर झाला नाही, असे नंतरच्या चौकशीत आढळले. त्याच्या नावाने २०२१ साली मेरिलँडने केलेल्या कायद्यात उष्माघात, मेंदूचा धक्का इत्यादींविषयीची दक्षता महाविद्यालयांवर बंधनकारक करण्यात आली.

या सर्व तरतुदी हिताच्या आहेत यात शंका नाही. परंतु त्यांचे उगमस्थान पाहिले तर प्रत्येकीच्या मागे एखादा मृत्यू, दावा किंवा लोकक्षोभ उभा दिसतो. शिवाय असोसिएशनने नियमाने दिलेली सवलत नियमानेच मागे घेता येते, आणि राज्याच्या कायद्याचे संरक्षण त्या राज्याच्या सीमेवर थांबते. सवलत आणि हक्क यांतील भेद तो हाच.

८. संज्ञेवरील पुनर्विचार

गेल्या दशकात वादाचा रोख पुन्हा मूळ संज्ञेकडे वळला. जानेवारी २०१४ मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या फुटबॉलपटूंनी संघटनेच्या मान्यतेसाठी अर्ज केला. त्यांच्या मागण्यांत वेतनापेक्षा वैद्यकीय संरक्षणावर, विशेषतः खेळ संपल्यानंतरच्या उपचारांवर, अधिक भर होता. हंगामात आठवड्यास चाळीस ते पन्नास तास खेळासाठी द्यावे लागतात, प्रशिक्षकाचे नियंत्रण दैनंदिन जीवनावरही असते, आणि शिष्यवृत्ती हा खेळाचाच मोबदला आहे, असे पाहून राष्ट्रीय कामगार संबंध मंडळाच्या प्रादेशिक संचालकांनी मार्च २०१४ मध्ये त्यांस नोकर ठरविले. ऑगस्ट २०१५ मध्ये मंडळाने मात्र या प्रकरणात अधिकार चालविण्यास नकार दिला. खेळाडू नोकर आहेत की नाहीत, हा मूळ प्रश्न त्याने अनुत्तरित ठेवला.

सप्टेंबर २०२१ मध्ये त्याच मंडळाच्या प्रमुख विधी-अधिकाऱ्यांनी काढलेल्या पत्रकात भाषाशास्त्राच्या अभ्यासकांस अधिक स्वारस्य वाटेल. खेळाडूंस 'विद्यार्थी-क्रीडापटू' असे चुकीचे नाव देऊन त्यांस कायद्याचे संरक्षण नाही असे भासविणे हाच कायद्याचा भंग ठरू शकतो, अशी भूमिका त्यात घेतली होती, व त्या संज्ञेऐवजी 'शैक्षणिक संस्थांतील खेळाडू' असा साधा प्रयोग केला होता. हे पत्रक फेब्रुवारी २०२५ मध्ये मागे घेण्यात आले. डार्टमथ महाविद्यालयाच्या बास्केटबॉलपटूंनी मार्च २०२४ मध्ये १३ विरुद्ध २ मतांनी संघटनेच्या बाजूने कौल दिला होता. तोही अर्ज २०२४ च्या अखेरीस मागे घेतला गेला. याउलट जुलै २०२४ मध्ये तिसऱ्या विभागीय अपील न्यायालयाने, हौशीपणाच्या परंपरेचा केवळ उच्चार करून खेळाडूंस वेतनविषयक कायद्याबाहेर ठेवता येणार नाही, प्रत्यक्ष आर्थिक संबंध पाहिले पाहिजेत, असे ठरविले.

दरम्यान द्रव्याचा प्रश्न स्वतंत्र वाटेने सुटत गेला. २०२१ मध्ये संघराज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणविषयक लाभांवरील असोसिएशनची बंधने एकमताने अवैध ठरविली. जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या तडजोडीनुसार माजी खेळाडूंस सुमारे २८० कोटी डॉलर देण्याचे ठरले, व २०२५-२६ पासून विद्यापीठांस आपल्या खेळाडूंना थेट पैसे देण्याची मुभा मिळाली. पहिल्या वर्षाची मर्यादा प्रत्येक संस्थेस सुमारे २.०५ कोटी डॉलर होती. ही रक्कम मोठी आहे. परंतु खेळाडू नोकर आहे काय, या प्रश्नास ही तडजोड स्पर्श करीत नाही. ज्या खेळांचे उत्पन्न अधिक त्यांतील निवडक खेळाडूंस तिचा लाभ अधिक. दुय्यम खेळातील ज्या मुलीचा गुडघा कायमचा जायबंदी झाला तिच्या दृष्टीने तीत फारसे काही नाही.

९. समारोप

खेळाडूंस नोकर ठरविण्यास विरोध करणाऱ्यांचे म्हणणेही दुर्लक्षिण्याजोगे नाही. बहुसंख्य महाविद्यालयांचे क्रीडाविभाग नफ्यात नाहीत. नोकरीबरोबर कर, बडतर्फी व वेतनाचे दायित्व येईल. उत्पन्न नसलेले खेळ, त्यांत स्त्रियांचे अनेक खेळ, बंद पडण्याची भीती आहे, असे ते म्हणतात. या आक्षेपांत तथ्य आहे. परंतु ते नोकरीच्या सर्व परिणामांविषयीचे आक्षेप आहेत. इजेच्या भरपाईविषयीचे नव्हेत. हे दोन प्रश्न एकत्र जखडले गेले, याचे कारण हक्क नावास बांधला गेला हे होय.

ही गाठ अपरिहार्य नाही, हे अमेरिकेच्या कायद्यानेच अन्यत्र दाखविले आहे. कित्येक राज्यांत वेतन न घेणारे स्वयंसेवक अग्निशामक सामान्य अर्थाने नोकर नसतात. तरीही आगीशी झुंजताना जखमी झाल्यास त्यांस कामगारांच्या नुकसानभरपाईचा लाभ मिळावा, अशी तरतूद कायदेमंडळांनी केली आहे. तेथे नावाचा वाद न घालता धोका कोण पत्करतो, कोणाच्या सांगण्यावरून पत्करतो आणि लाभ कोणास होतो, एवढेच पाहिले गेले. महाविद्यालयीन खेळाडूच्या बाबतीत याच तीन प्रश्नांची उत्तरे शोधली तर त्यास काय म्हणावे हा वाद बाजूस ठेवूनही त्याच्या उपचाराची व्यवस्था लावता येईल. तशी सर्वव्यापी तरतूद अद्याप झालेली नाही. असोसिएशनचे विमासंरक्षण खेळ संपल्यापासून दोन वर्षांचे आहे. मोडलेला मणका अथवा निकामी झालेला सांधा मनुष्यास आयुष्यभर वागवावा लागतो.